तापणारा समुद्र आणि सेंद्रिय पदार्थांचे विघटन : पार्श्वभूमी

हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साचलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के उष्णता समुद्राने सामावून घेतली आहे. तिच्या परिणामांची चर्चा होते तेव्हा समुद्रपातळी, वादळे आणि प्रवाळ यांचा उल्लेख हमखास येतो. मृत पेशी, विष्ठेचे कण आणि पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ कुजवणाऱ्या जीवाणूंचा मात्र क्वचितच. वनस्पती प्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींनी, सूर्यप्रकाशात तयार केलेल्या सेंद्रिय पदार्थांपैकी बहुतांश वरच्या थरातच खाल्ले किंवा कुजवले जातात आणि थोडा भाग कणांच्या रूपाने खाली बुडतो. बुडणारा कण किती खोलवर जाऊन कुजतो, यावर त्यातला कार्बन हवेत परतायला काही महिने लागणार की काही शतके, हे ठरते. या खोलीवर तापमानाचा मोठा प्रभाव असतो ही गोष्ट आज सर्वसाधारणपणे स्वीकारली जाते. पण ती समुद्राच्या हिशेबात धरली जायला शंभरहून अधिक वर्षे जावी लागली.

मूळ साधने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच हाताशी होती. १८८८ मध्ये हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन अचूक मोजण्याची रासायनिक पद्धत दिली आणि पुढच्याच वर्षी स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनिअस यांनी रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो याचे सूत्र मांडले. समुद्राचे पाणी बाटलीत भरून अंधारात ठेवायचे आणि ठरावीक काळानंतर किती ऑक्सिजन कमी झाला ते पाहायचे, या साध्या रीतीने विघटनाचा वेग मोजता येऊ लागला. १९३५ मध्ये सेल्मन वॅक्समन आणि कॉर्नेलिया केरी यांनी दाखवून दिले की बाटलीत ठेवलेल्या समुद्राच्या पाण्यात जीवाणू झपाट्याने वाढतात, म्हणजेच त्यांना पोसण्याइतके सेंद्रिय द्रव्य त्या पाण्यात मुळातच असते. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी नोबेल पारितोषिक मिळवणारे वॅक्समन ते हेच. पण बाटलीतले जीवाणू खुल्या समुद्रातल्या जीवाणूंसारखे वागतात का, ही शंका तेव्हापासून या विषयाची पाठ सोडत नाही.

या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा, माझ्या मते, एका अपघाताने दिला. ऑक्टोबर १९६८ मध्ये अमेरिकेच्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेची ‘आल्विन’ ही पाणबुडी समुद्रात सोडली जात असताना दोर तुटून बुडाली आणि सुमारे १,५०० मीटर खोल तळाशी जाऊन बसली. आतली माणसे वेळेत बाहेर पडली. त्यांचे दुपारचे जेवण मात्र आतच राहिले. सुमारे दहा महिन्यांनी पाणबुडी वर काढली तेव्हा सँडविचचा पाव भिजलेला होता, पण त्यातले मांस आणि सोबतची सफरचंदे आश्चर्य वाटावे इतकी चांगल्या स्थितीत होती. तळाचे पाणी तीन-चार अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने श्रेय थंडीला द्यावे, असे कोणालाही वाटले असते. परंतु तेच पदार्थ पुढे जवळपास तितक्याच तापमानाच्या शीतपेटीत ठेवल्यावर काही आठवड्यांतच खराब झाले. होल्गर यानाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग मुद्दाम निरनिराळे पदार्थ खोल पाण्यात सोडून तुलना केली आणि १९७१ मध्ये निष्कर्ष मांडला, की त्याच तापमानाला प्रयोगशाळेत जे विघटन होते त्याच्या मानाने खोल समुद्रातले विघटन १० ते १०० पटींनी मंद असते. सुटे तापमान सगळे काही समजावून सांगत नाही, दाबासारख्या इतर गोष्टीही त्याच्याबरोबर गुंतलेल्या असतात, हा धडा पुढच्या प्रत्येक अंदाजाला लागू पडतो.

त्यानंतरच्या दशकात सूक्ष्मजीवांचे महत्त्व एकदम उजेडात आले. चमकणारी रंगद्रव्ये वापरून सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू मोजता येऊ लागले, तेव्हा एक मिलिलीटर पाण्यात त्यांची संख्या लाखांच्या घरात असते असे दिसले. लॉरेन्स पोमरॉय यांनी १९७४ मध्ये आणि फारूक आझम व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये समुद्राच्या अन्नजाळ्यातले त्यांचे स्थान नव्याने मांडले.

१९८७ मध्ये जॉन मार्टिन व सहकाऱ्यांनी ईशान्य पॅसिफिकमध्ये टांगलेल्या गाळसापळ्यांतून खाली पडणारे कण गोळा केले आणि खोलीनुसार त्यांचे प्रमाण कसे घटते याचा एक वक्र काढला. त्या वक्रानुसार १०० मीटरवरून निघालेल्या कार्बनपैकी जेमतेम १४ टक्के १,००० मीटरपर्यंत पोहोचतो. हा वक्र इतका सुटसुटीत होता की जगभरच्या सागरी प्रतिमानांत तो सरसकट वापरला गेला, आणि त्यात तापमानाला जागाच नव्हती. उष्ण कटिबंध असो वा ध्रुवाजवळचे पाणी, घट एकच धरली गेली. हवामानबदलाच्या अंदाजांवर या सोयीस्कर गृहीतकाची छाया दीर्घकाळ राहिली, असे मला वाटते.

ते गृहीतक सैल झाले ते दोन्ही बाजूंनी. सजीवांच्या चयापचयाचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवले की तापमान दहा अंशांनी वाढल्यास श्वसनाचा वेग साधारण अडीच पट होतो, तर प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे दीड पटच. म्हणजे पाणी तापले की तयार होण्यापेक्षा कुजण्याला अधिक बळ मिळते. २००९ मध्ये जर्मनीतल्या किएल येथे बाल्टिक समुद्राच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या टाक्यांत प्लवकांचा वसंत ऋतूतला बहर वाढवून पाणी २ ते ६ अंशांनी तापवले, तेव्हा पाण्यात विरघळलेला अकार्बनी कार्बन शोषून घेण्याचे त्यांचे काम ३१ टक्क्यांपर्यंत घटले. मार्टिन यांच्या वक्राला थेट आव्हान २०१५ मध्ये मिळाले. पाण्याबरोबर वाहत जाणारे सापळे उत्तर अटलांटिकमध्ये वापरून केलेल्या मोजणीत, वरच्या ५०० मीटरांतले पाणी जितके उबदार तितकी कणांची घट उथळ पाण्यात होते असे आढळले. भूतकाळातूनही हाच सूर निघतो. २०२१ मध्ये फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून निष्कर्ष काढण्यात आला, की गेल्या दीड कोटी वर्षांत समुद्र थंड होत गेला तसतसे अन्न अधिक खोलवर पोहोचू लागले आणि तिथे नव्या जीवजातींना जागा मिळाली.

खोलीतला हा फरक किरकोळ वाटेल. परंतु २००९ मधल्याच एका गणनेनुसार, बुडणाऱ्या कार्बनचे विघटन जगभर सरासरी केवळ २४ मीटर खाली सरकले, तर कालांतराने वातावरणातला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांमागे १० ते २७ भागांनी घटतो. विघटन वर सरकले की परिणाम उलट दिशेने जातो.

मात्र वेग सर्वत्र सारखा वाढत नाही. जिथे जीवाणूंना अन्न किंवा पोषकद्रव्ये अपुरी पडतात, त्या निळ्याशार मध्यसमुद्रात पाणी तापूनही त्यांची वाढ फारशी जोर धरत नाही. विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा साठा सुमारे ६६० अब्ज टनांचा असून त्याचा मोठा भाग सहजी कुजत नाही. उत्तर पॅसिफिकच्या तळाजवळ त्याचे कार्बन-१४ वय (किरणोत्सारी कार्बनच्या उरलेल्या प्रमाणावरून काढलेले वय) सुमारे ६,००० वर्षे भरते. त्याच वेळी तापलेला वरचा थर खालच्या पाण्यात मिसळेनासा होतो, खालची पोषकद्रव्ये वर येत नाहीत आणि वरचा ऑक्सिजन खाली जात नाही. १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत समुद्रातला ऑक्सिजन सुमारे दोन टक्क्यांनी घटला असून, त्यामागे उबदार पाण्याची ऑक्सिजन धरून ठेवण्याची कमी क्षमता जशी आहे तसा मिसळण्यातला हा अडथळाही आहे. ऑक्सिजन फारच कमी झालेल्या थरांत जीवाणू नायट्रेटच्या आधारे श्वसन करू लागतात, आणि तिथे विघटनाचा वेग तापमानाबरोबरच या टंचाईनेही ठरतो.