लोकसंख्येचे वार्धक्य : जपानचे उदाहरण

एकूण लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण वाढत जाण्याची प्रक्रिया. जन्मदर घटणे हे तिचे मुख्य कारण. आयुर्मान वाढणे त्याखालोखाल. वार्धक्य ६५ व्या वर्षापासून मोजण्याची प्रथा जर्मन चान्सलर बिस्मार्कच्या १८८९ च्या निवृत्तिवेतन कायद्यापासून पडली, असे अनेकदा लिहिले जाते. मात्र मूळ कायद्यात वयाची अट ७० होती. ती ६५ वर आली १९१६ मध्ये. ६५ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्ती ७ टक्क्यांहून अधिक असल्यास लोकसंख्या ‘वृद्ध’ मानावी, हा निकष संयुक्त राष्ट्रांच्या १९५६ च्या अहवालात सापडतो. १४ आणि २१ टक्क्यांचे टप्पे मागाहून, बहुधा केवळ सातच्या पटीत, रूढ झाले असावेत. त्यांचा उपयोग तुलनेपुरताच करणे इष्ट.

जपानने ७ टक्क्यांचा टप्पा १९७० मध्ये आणि १४ टक्क्यांचा १९९४ च्या सुमारास ओलांडला. फ्रान्सला तेवढ्याच वाटचालीस शंभराहून अधिक वर्षे लागली होती. १५ ते ६४ वयोगटातील जपानी लोकसंख्या १९९५ च्या सुमारास सुमारे ८.७ कोटींवर पोहोचून उतरणीला लागली. त्यानंतरच्या दीर्घ मंदीचे मूळ या घटीत आहे, असे काही अर्थतज्ज्ञ मानतात. इतर अर्थतज्ज्ञ मालमत्तेच्या किमतींचा फुगा फुटणे आणि बँकांची बुडीत कर्जे यांवर भर देतात. दरडोई उत्पन्नाऐवजी काम करण्याच्या वयातील दर व्यक्तीमागील उत्पन्न मोजले, तर १९९८ ते २०१९ या काळातील जपानची वाढ अमेरिकेच्या तोडीची ठरते. त्यामुळे वार्धक्य म्हणजे कामगारांची उत्पादकता ढासळणे, हे मत स्वीकारणे कठीण आहे.

कामाच्या ठिकाणी बदल स्पष्ट दिसतो. बहुतेक कंपन्यांत निवृत्तिवय ६० असले, तरी इच्छुकांना ६५ पर्यंत काम देणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्यक्षात कर्मचारी साठीला निवृत्त होतो आणि बहुधा वर्षाच्या करारावर पुन्हा रुजू होतो. काम पुष्कळदा तेच, पण हुद्दा जातो आणि पगार लक्षणीय घटतो. अनुभवी माणसाचे हे अवमूल्यन या व्यवस्थेतील गंभीर उणीव होय. ६५ वर्षांवरील दर चौघांपैकी साधारण एक जण आज नोकरी-व्यवसायात आहे.

शुश्रूषेचा भार कुटुंबावरून, विशेषतः सुनांवरून व मुलींवरून, उतरवण्यासाठी एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषा विमा लागू झाला. त्याचा हप्ता चाळिशीपासून भरावा लागतो. तरीही आईवडिलांच्या आजारपणापायी दरवर्षी सुमारे १ लाख लोक नोकरी सोडतात. शुश्रूषा कर्मचाऱ्यांची टंचाई भरून काढण्यासाठी इंडोनेशिया, फिलिपीन्स व व्हिएतनाममधून कामगार आणले जातात.

भारतात ज्येष्ठत्व ६० पासून मोजतात, म्हणून जपानशी थेट तुलना करता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ६० व त्याहून अधिक वयाच्या लोकांचे प्रमाण देशात ८.६, महाराष्ट्रात ९.९ आणि केरळात १२.६ टक्के होते. येथील बहुसंख्य कामगार असंघटित क्षेत्रात आहेत. शेतमजुराला किंवा घरकामगार बाईला निवृत्तिवयच नसते. हातपाय चालतात तोवर त्यांना काम करावे लागते.