पन्नास एचपीची मोटार, पस्तीस किलोचं इंजिन

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात गेल्या आठवड्यात आमच्या शेतातला पाच एचपीचा मोनोब्लॉक पंप घेऊन बसलो होतो. मोटार फिरत होती, आवाजही जरा जास्तच करत होती, पाणी मात्र अर्धंच येत होतं. अण्णांनी पंप खोलला, इम्पेलर, म्हणजे आतलं पात्यांचं चाक, काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बघा सर, उंदरानं कुरतडल्यागत झालंय." खरंच तसं होतं. पाणी जिथून पात्यांत शिरतं, त्या कडेला बारीक बारीक खड्डे पडले होते. बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत.

हा गंज नव्हे. पंप पाणी ओढतो तेव्हा इम्पेलरच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की पाणी थंड असतानाच उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पुढे दाब वाढला की हेच बुडबुडे फटकन मिटतात, आणि प्रत्येक मिटणारा बुडबुडा धातूवर बारीक हातोडीसारखा बसतो. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं, आपण मोटार खाली उतरवायचा कंटाळा करतो, तेव्हा हे हमखास होतं. हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त दहा मीटर वर चढवू शकतो, व्यवहारात सहा-सात. त्यापुढे पंप कितीही भारी घेतला तरी उपयोग नाही.

मी म्हटलं, "अण्णा, हाच रोग रॉकेटच्या पंपालाही होतो."

"रॉकेटला पंप कशाला वो? पेटवलं की जातंय की वर."

अण्णांचंही चूक नाही. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम पाहत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर रॉकेट म्हणजे दारूचा बाण. नळीत दारू ठासलेली, वात पेटवली की काम झालं. इस्रोचं एसएसएलव्ही हे छोटं रॉकेट बरंचसं त्याच जातीचं आहे. ३४ मीटर उंच, १२० टन वजनाचं, खालचे तिन्ही टप्पे, म्हणजे जळून झाले की एकेक करून सुटून पडणारे भाग, घन इंधनाचे. बनवायला सोपं, भरून ठेवायला सोपं, पण एकदा पेटलं की विझवता येत नाही आणि वेगही हवा तसा कमीजास्त करता येत नाही. म्हणून अगदी वर द्रव इंधनाचा एक छोटा भाग बसवलेला असतो. शेवटचा नेमका वेग तो जुळवून देतो.

तो वेग किती नेमका लागतो, हे ७ ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या उड्डाणात कळलं. दुसरा टप्पा सुटताना जो हादरा बसला, त्याने वेगाचा अंदाज देणारी संवेदकं क्षणभर गोंधळली. संगणकाने ती बिघडली असं धरलं आणि राखीव पद्धतीवर गेला. लागणारा वेग होता सेकंदाला सुमारे ७,७०० मीटर, मिळाला त्याहून ५६ मीटर कमी. एक टक्कासुद्धा नाही! पण तेवढ्याने ३५६ किलोमीटर उंचीवरची गोल कक्षा एका बाजूने ७६ किलोमीटरपर्यंत खाली आली, आणि उपग्रह वातावरणात शिरून संपले. पुढच्या उड्डाणाआधी टप्पा सोडवायची पद्धतच बदलली, आणि १० फेब्रुवारी २०२३ ला काम फत्ते झालं.

सेकंदाला ७,७०० मीटर म्हणजे सोलापूरहून पुण्याला साधारण अर्ध्या मिनिटात. छोट्या रॉकेटची खरी अडचण इथेच आहे. उपग्रह दहा किलोचा असो की दहा टनांचा, वेग तेवढाच लागतो, त्यात लहानांना सवलत नाही. उड्डाणाच्या वेळी रॉकेटच्या वजनातला सुमारे नव्वद टक्के भाग इंधनाचाच असतो. उरलेल्यात टाक्या, इंजिनं, वायरी, संगणक, आणि मग उपग्रह. रॉकेट निम्मं केलं म्हणून संगणक आणि रेडिओ निम्मे होत नाहीत. घरचं लग्न पन्नास माणसांत उरकलं तरी भटजी, मांडव आणि आचारी लागतातच, तशातला प्रकार.

आता पंपाकडे येऊ. द्रव इंधनाच्या इंजिनात अनेकदा रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजन जळतात. ज्या कोठीत जळतात तिथला दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या अनेक पटींनी जास्त असतो. त्या दाबाविरुद्ध इंधन आत ढकलायचं तर दोनच मार्ग. एक, टाकीतच त्याहून जास्त दाब ठेवा. पण मग टाकी गॅस सिलिंडरसारखी जाड करावी लागते आणि रॉकेट जागचं हलत नाही. दुसरा, टाकी पातळ ठेवा आणि मध्ये पंप बसवा. मोठी रॉकेटं दुसरा मार्ग घेतात. इंधनाचा काही भाग जाळून त्या वायूवर टर्बाइन फिरवायचं आणि त्याच दांड्यावर पंप. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या एकेका इंजिनातला हायड्रोजनचा पंप सुमारे ७०,००० एचपीचा होता.

हे यंत्र मोठं असताना कमाल चालतं, लहान करायला गेलं की रुसतं. पातं आणि कवच यांच्यामध्ये जी फट ठेवावी लागते ती काही यंत्राच्या मापात बारीक होत नाही. मोठ्या टर्बाइनमध्ये त्या फटीतून थोडं निसटतं, छोट्यात बरंच. शिवाय एका बाजूला पेटता वायू आणि हातभर अंतरावर उणे १८३ अंशांचा ऑक्सिजन, मध्ये एक सील. ते सील गेलं की सगळंच गेलं.

न्यूझीलंडमधल्या माहिया द्वीपकल्पावरून उडणाऱ्या रॉकेट लॅबच्या इलेक्ट्रॉन या रॉकेटने यावर जो तोडगा काढला, तो आपल्या शेतकऱ्याला लगेच पटेल: टर्बाइन काढून टाका, मोटार लावा. विजेची. इलेक्ट्रॉन १८ मीटर उंच आहे, साधारण ३०० किलो माल कक्षेत नेतं. खालच्या टप्प्यात रदरफोर्ड नावाची नऊ इंजिनं, वरच्यात एक. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या अर्नेस्ट रदरफोर्ड या शास्त्रज्ञाचं हे नाव. एका इंजिनाचं वजन सुमारे ३५ किलो, सिमेंटच्या पोत्यापेक्षा कमी, आणि जोर अडीच टनांच्या आसपास. प्रत्येक इंजिनाला दोन मोटारी: एक रॉकेलची, एक ऑक्सिजनची. एकेक मोटार ३७ किलोवॅटची, म्हणजे आपल्या भाषेत पन्नास एचपी. आपली शेतातली मोटार मिनिटाला २,८८० फेरे मारते, ही ४०,००० मारते.

अण्णांनी इथे काम थांबवलं. "पन्नास एचपी? आणि लाइन कुठली?"

लाइन नाही, लिथियमच्या बॅटऱ्या. हिशेब मी तिथेच एका जुन्या बिलामागे करून दाखवला. नऊ इंजिनं, अठरा मोटारी, नऊशे एचपी, म्हणजे सुमारे ६७० किलोवॅट. पहिला टप्पा चालतो जेमतेम अडीच मिनिटं. गुणाकार केला तर वीज लागते अठ्ठावीस युनिटच्या आसपास. आमची पाच एचपीची मोटार रात्रपाळीच्या आठ तासांत जवळपास तेवढीच जाळते. वीज काही फार नाही, पण ती अडीच मिनिटांत ओतायची आहे. गेल्या काही वर्षांत बॅटऱ्या आणि मोटारींचे कंट्रोलर एवढे हलके झाले नसते, तर ही कल्पना कागदावरच राहिली असती.

यात एक खोट आहे. इंधन जळेल तशी टाकी हलकी होते. बॅटरी संपली तरी तेवढ्याच वजनाची राहते. म्हणून वरच्या टप्प्यातल्या संपलेल्या बॅटऱ्या उडता उडताच सोडून देतात. मला इलेक्ट्रॉनमधली सर्वांत आवडणारी गोष्ट हीच: काही फार हुशारी नाही, ओझं झालं की टाका. २०१७ च्या मे महिन्यातलं त्याचं पहिलं उड्डाण कक्षेत पोचलं नाही, आणि दोष निघाला जमिनीवरच्या यंत्रणेत, रॉकेट ठणठणीत होतं. जानेवारी २०१८ मध्ये ते पोचलं.

मग बुडबुड्यांचं काय? द्रवरूप ऑक्सिजन आधीच उकळायच्या बेतात असतो. पंपाच्या तोंडाशी दाब जरा उतरला की बुडबुडे. त्यावर उपाय तेच, जे विहिरीवर करतो. मोटार पाण्याच्या जवळ न्यावी, तसं इथे टाकीत थोडा दाब ठेवून ऑक्सिजन पंपाकडे रेटतात. मुख्य इम्पेलरच्या आधी स्क्रूसारखी पाती बसवून त्याला हळूच दाबात घेतात. आणि काही जण ऑक्सिजन आणखी थंड करतात, म्हणजे तो उकळायला वेळ लागतो.

चेन्नईच्या अग्निकुलने हा अतिथंड ऑक्सिजनच वापरला. आयआयटी मद्रासच्या आधाराने उभ्या राहिलेल्या या कंपनीचं चाचणी रॉकेट ३० मे २०२४ ला श्रीहरिकोटाहून उडालं. त्याआधी चार वेळा उड्डाण ऐनवेळी थांबवावं लागलं होतं. त्याचं अग्निलेट हे इंजिन एकाच तुकड्यात थ्रीडी प्रिंट केलेलं आहे, सांधा नाही, जोड नाही.

हे जोड नसणं का महत्त्वाचं, ते सांगायला सोलापूरसारखं गाव नाही. कोठीत ज्वाला असते तीन हजार अंशांच्या पुढची. त्या तापमानाला कोठीचा धातू टिकत नाही. म्हणून कोठीच्या भिंतीतच बारीक नळ्या ठेवतात, त्यातून आधी थंड इंधन फिरवतात आणि मग तेच जाळतात. कागदाच्या द्रोणात पाणी उकळलं तरी द्रोण जळत नाही, तसं. पूर्वी या नळ्या वेगळ्या करून शेकडोंनी भिंतीला जोडत, आणि प्रत्येक जोड म्हणजे गळायची एक जागा. प्रिंटरमध्ये धातूच्या भुकटीचा थर पसरतात, लेझरने हवं तेवढंच वितळवतात, मग पुढचा थर. भिंत आणि भिंतीतली पोकळी एकदमच तयार होते. आपल्या चादरीवरचा मोर छापलेला नसतो, जकार्डवर कापडासोबतच विणला जातो, म्हणून दोन्ही बाजूंनी दिसतो आणि धुतला तरी जात नाही. या नळ्याही भिंतीत तशाच विणलेल्या. फक्त नंतर आत अडकलेली भुकटी पूर्ण झटकावी लागते. एखाद्या नळीत ती राहिली तर तिथली भिंत तापून फुटते. छोट्या इंजिनात हे जास्तच जिव्हारी लागतं, कारण ज्वालेच्या मानाने भिंत जास्त आणि थंड करायला इंधन कमी.

एवढं करून धंदा होतो का? प्रामाणिक उत्तर: मोजक्यांचाच. मोठ्या रॉकेटात सीट वाटून घेतली तर किलोमागे भाडं स्वस्त पडतं. आपल्याच पीएसएलव्हीने १५ फेब्रुवारी २०१७ ला एका फेरीत १०४ उपग्रह नेले. पण फाट्यावर उतरून वाडीपर्यंत चालत जावं लागतं, तसं तिथे मोठ्या उपग्रहाची कक्षा तीच तुमची, त्याची तारीख तीच तुमची. ज्याला आपली कक्षा आणि आपली वेळ हवी, तो जास्त पैसे देऊन छोटं रॉकेट घेतो. असे लोक पुरेसे आहेत का, यावरच सगळं अडतं. छोटी रॉकेटं उडवणारी अमेरिकेची व्हर्जिन ऑर्बिट ही कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. श्रीहरिकोटाहून दक्षिणेला जायचं तर श्रीलंकेला वळसा घालावा लागतो, आणि छोट्या रॉकेटला तो वळसा परवडत नाही. म्हणून तमिळनाडूत अगदी खाली, कुलशेखरपट्टिणमला नवा तळ होतोय. एसएसएलव्ही बनवायचं काम जून २०२५ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बोली लावून मिळवलं. या कंपनीचं मूळ म्हणजे १९४० साली बंगळुरूत सुरू झालेली हिंदुस्तान एअरक्राफ्ट, आणि ती काढली वालचंद हिराचंदांनी. जन्म सोलापूरचा, १८८२. त्यांच्याच वालचंदनगरच्या कारखान्यात पुढे पीएसएलव्हीच्या घन इंधनाच्या टप्प्यांची कवचं तयार झाली. इंदापूर तालुक्यातलं ते गाव, आपल्यापासून काही फार लांब नाही. हे मी अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "वालचंद म्हणजे आपल्या कॉलेजवाले की." म्हटलं, तेच.

नवा इम्पेलर बसला, सील बदललं, पंप टाकीवर लावून पाहिला. पाण्याची धार भिंतीपर्यंत गेली. अण्णांचं मन मात्र अजून त्या सोडून दिलेल्या बॅटऱ्यांत अडकलं होतं.

"म्हणजे वरनं टाकूनच देतेत?"

"हो."

"लिथियमच्या?"

"हो."

त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. त्यात जळालेल्या वाइंडिंगची तांब्याची तार होती, महिन्याभराची. "हे किलोवर जातंय सर. आम्ही स्क्रूसुद्धा टाकत नाही." मग बिल माझ्यापुढे सरकवलं. मागच्या बाजूला अठ्ठावीस युनिटांचा हिशेब तसाच होता.