कान-नाक टोचणे

त्वचेला किंवा कुर्चेला (कान-नाकातल्या लवचीक, मऊ हाडाला) छिद्र पाडून त्यात दागिना घालण्याची प्रथा. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या ‘ओत्झी’ या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कानाच्या पाळ्या टोचून रुंदावलेल्या आहेत. इथिओपियातील मुर्सी स्त्रिया खालच्या ओठात चकती घालतात. कानफाटे नाथजोगी दीक्षेच्या वेळी कानाची कुर्चा चिरून कुंडले घालतात.

भारतात कर्णवेध हा सोळा संस्कारांपैकी एक. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय याच विषयाला दिलेला आहे. बाळ सहा-सात महिन्यांचे झाले की कान उन्हात धरावा, प्रकाश आरपार दिसेल तिथेच टोचावे, मुलाचा उजवा कान आधी व मुलीचा डावा, मग कापसाची वात घालून तेल लावावे, असे त्यात सांगितले आहे. जागा चुकून शीर विंधली गेल्यास ताप, सूज व वेदना होतात, हेही स्पष्ट लिहिले आहे. या अध्यायाचे खरे मोल त्यात आहे. नाकातला दागिना मात्र बराच अलीकडचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा शोध घेऊन, जुन्या संस्कृत वाङ्मयात तिचा मागमूस नाही, हे दाखवून दिले.

पुण्यात बारशाच्या सुमारास सोनाराकडून सोन्याच्या तारेने बाळाचे कान टोचून घेण्याची रीत आहे. आता अनेक घरे त्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे जातात, तीही लसीचे पहिले डोस झाल्यावर. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पाळीची जखम सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. जड झुब्यांनी छिद्र ओघळते, क्वचित फाटतेही.

खरी जोखीम कानाच्या वरच्या भागात असते. पेशवाईची आठवण म्हणून ढोल-ताशा पथकांतील तरुण मिरवतात ती मोत्यांची भिकबाळी आणि स्त्रियांची बुगडी, दोन्ही तिथेच बसतात. कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. तिथे स्यूडोमोनास जंतूंचा संसर्ग झाला तर पू साठतो, कुर्चा मरते आणि कान कायमचा वेडावाकडा होतो. टोचण्याच्या गनने धोका वाढतो: बोथट टोकाचा दागिना जोराने घुसून कुर्चा चेचली जाते आणि गनचे प्लॅस्टिकचे भाग ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) निर्जंतुक करता येत नाहीत. एकदाच वापरायची पोकळ सुई त्यापेक्षा कितीतरी बरी. तरीही कुर्चेची जखम भरायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही.

दूषित सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. दागिन्यातल्या निकेल धातूमुळे खाज व पुरळ येते. काहींच्या छिद्राभोवती केलॉइडची (व्रणाच्या जादा वाढीची) गाठ वाढते. जिभेतल्या दागिन्याने दातांचे टवके उडतात. जन्मजात हृदयदोष असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते, कारण रक्तात शिरलेले जंतू हृदयाच्या झडपांवर बसू शकतात. वरचा कान लाल, गरम होऊन ठणकू लागला तर हळद-तेलावर न थांबता त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवावे.