तुटलेला डीएनए सांधणाऱ्या पेशी

गुदाशयाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेला असेल, तर ऑपरेशनआधी बहुतेकदा रेडिएशन देतात. आपल्याकडे त्याला ‘लाइट देणं’ म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस, रोज थोडा डोस, असे पाच-साडेपाच आठवडे. एकूण ४५ ते ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). सोबत केमोच्या गोळ्या. नंतर काढलेला भाग तपासला की साधारण पाच-सहा रुग्णांमागे एकात कॅन्सरची एकही पेशी सापडत नाही. काहींची गाठ मात्र जेमतेम आकसलेली असते. मशीन तेच, डोस तोच. मग घरची माणसं विचारतात, “लाइट लागू का नाही पडला?” प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं बरंचसं उत्तर गाठीतल्या पेशींत आहे.

एक ग्रे डोसने पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे सुमारे तीस-चाळीस ठिकाणी तुटतात. रेडिएशनला दाद न देणाऱ्या चिवट पेशीतही तुटतात. खरा फरक पडतो तो तुटल्यानंतर.

निरोगी पेशीत पी-५३ हे प्रथिन अशा वेळी विभाजन रोखतं. दुरुस्ती जमली नाही तर पेशीला मरायला लावतं. मोठ्या आतड्याच्या (गुदाशय हा त्याचाच शेवटचा भाग) निम्म्याहून अधिक कॅन्सरांत त्याचं जनुक बिघडलेलं असतं. म्हणजे मरणाचा हुकूम देणाराच गप्प! पण हिशेब इतका सरळ नाही. १९९८ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने एचसीटी-११६ या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपेशींतून हे जनुक काढून टाकलं आणि त्यांच्यावर किरण सोडले. जनुक शाबूत असलेल्या पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबून राहिल्या. जनुक नसलेल्या पेशी तुटक्या डीएनएसकट विभाजनात शिरल्या आणि धड दोन होऊ शकल्या नाहीत. पी-५३चा पहारा पेशीला वाचवूही शकतो, हे या प्रयोगाने दाखवलं. म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

दुसरं जनुक केआरएएस. सुमारे ४० टक्के रुग्णांत त्याचं बटण ‘चालू’वरच अडकलेलं असतं आणि ‘वाढ, जग’ असा निरोप पेशीला अखंड मिळत राहतो. केआरएएस आणि पी-५३ दोन्ही बिघडलेल्या गाठी रेडिएशनने पूर्ण नाहीशा होण्याचं प्रमाण काही अभ्यासांत कमी दिसलं आहे.

चिवटपणा मोजायची रीत जुनी, १९५६ची आहे. काचेच्या बशीत मोजून पेशी पेरायच्या, किरण द्यायचे, दहा-बारा दिवस थांबायचं आणि जांभळा रंग ओतून धुवायचं. जिथे एक पेशी तगून वाढली, तिथे जांभळा ठिपका उठतो. ठिपके मोजायचे. तगलेल्या पेशी वाढवून त्यांना पुन्हा पुन्हा किरण दिले, की काही महिन्यांत मूळ पेशींहून चिवट वाण हाती येतो. त्यात डीएनएची अक्षरं बदललेली असतातच असं नाही. कधी अक्षरं तीच राहतात, पण दुरुस्तीची जनुकं जोरात चालतात आणि मृत्यूची मंदावतात. त्यामुळे फक्त उत्परिवर्तनांची, म्हणजे अक्षरांतल्या बदलांची, यादी पाहून चिवट गाठ ओळखता येत नाही.

म्हणूनच शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या गटाने रुग्णाच्याच गाठीचा तुकडा उपचाराआधी घेऊन त्यातून बशीत छोट्या गाठी वाढवल्या आणि त्यांना केमो-रेडिएशन देऊन पाहिलं. बशीतला आणि रुग्णातला परिणाम दहापैकी आठांहून अधिक वेळा जुळला, असं त्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलं. अडचण वेळेची आहे. त्या गाठी वाढायला काही आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस रुग्णाचा उपचार अडवून ठेवता येत नाही.