टर्लिंग्वा

टर्लिंग्वा : अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या नैर्ऋत्य भागातील, पाऱ्याच्या खाणींमुळे वसलेली व त्या बंद पडल्यावर ओस पडलेली लहान वस्ती. मेक्सिकोच्या सरहद्दीवरील रिओ ग्रँड नदीच्या उत्तरेस, वाळवंटी मुलखात ती आहे. वस्तीला स्वतःची नगरपालिका नाही. अशा वस्तीला तिकडे ‘अनइन्कॉर्पोरेटेड’ म्हणतात. आपल्याकडे वाडीसुद्धा कुठल्या ना कुठल्या ग्रामपंचायतीत मोडते. इथे तेवढेही नाही, कारभार थेट ब्रूस्टर काउंटीकडे. ही काउंटी पुणे जिल्ह्याहून किंचित मोठी आणि तिची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत जेमतेम साडेनऊ हजार. काउंटीचे मुख्य ठाणे अल्पाइन हे सुमारे १३० किमी. लांब आहे.

टर्लिंग्वा हे नाव ‘त्रेस लेंग्वास’ (तीन भाषा) या स्पॅनिश शब्दांवरून आले असे सांगतात. त्या तीन भाषा कोणत्या, की मुळात तो ओढ्याच्या तीन फाट्यांचा उल्लेख होता, यावर एकमत नाही. गाव मात्र तीन जागी नांदले. आधी ओढ्याकाठी मेक्सिकन शेतकऱ्यांची वस्ती होती. पुढे टपाल कार्यालय खाणीपाशी हलले आणि नावही त्याच्याबरोबर गेले. ती खाण १९१० च्या सुमारास बंद पडल्यावर दोन्ही चिसोस या दुसऱ्या खाण-कंपनीच्या खाणीपाशी आली. ओढ्याकाठच्या मूळ जागेला आता ‘टर्लिंग्वा आबाहो’, म्हणजे खालचे टर्लिंग्वा म्हणतात.

इथल्या खडकात हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक यांचे लालभडक खनिज आहे. स्थानिक आदिवासी ते रंगासाठी वापरत. धातूसाठी उत्खनन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. हिंगूळ भट्टीत तापवले की पाऱ्याची वाफ होते, गंधक धुरावाटे निघून जाते. वाफ थंड केली की पारा ठिबकतो. तो लोखंडी बुधल्यांत भरत. एका बुधल्यात ७६ पौंड, म्हणजे सुमारे साडेचौतीस किलो. पण पारा इतका जड की एवढ्या वजनाला जागा लागते जेमतेम अडीच लिटरची. भट्टीवरच्या कामगारांना धोका होता तो वाफेचा : तोंडाला लाळ सुटते, हिरड्या सुजतात, दात हलू लागतात.

शिकागोचा उद्योजक हॉवर्ड पेरी याने १९०३ मध्ये चिसोस मायनिंग कंपनी काढली. दुकान, हॉटेल, डॉक्टर, सारे कंपनीचेच. कामगार बहुतांशी मेक्सिकन. त्यांची मातीच्या विटांची व दगडांची घरे एका बाजूला, गोऱ्यांची दुसऱ्या. पहिल्या महायुद्धात भरभराट झाली, कारण दारूगोळ्याच्या स्फोटक टोप्यांना पाऱ्याचे संयुग लागे. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाने पाऱ्याला पुन्हा मागणी आणलेली असताना, कंपनीचे दिवाळे निघाले. खाणीतला सुगीचा पट्टा संपत आला होता. थोड्याच वर्षांत इथले खाणकाम थांबले, माणसे गेली, छपरे पडली.

पुढे गावाला नाव मिळवून दिले मिरचीने. १९६७ मध्ये या ओसाड जागी ‘चिली’ रांधण्याची स्पर्धा भरली. चिली म्हणजे मिरचीच्या रश्श्यात शिजवलेले मांस. टेक्ससमध्ये त्यात घेवडा घालणे हा जवळजवळ गुन्हाच. पहिला सामना बरोबरीत सुटला. आता दर नोव्हेंबरात हजारो लोक जमतात. १९४४ मध्ये स्थापन झालेले बिग बेंड राष्ट्रीय उद्यान जवळच असल्याने वर्षभरही पर्यटक येत असतात. काही पडकी घरे पुन्हा उभी राहून लोक राहू लागले आहेत, जुन्या चित्रपटगृहात उपाहारगृह चालते. टेकडीवरचा पेरीचा वाडा आणि उतारावरचे खाणकामगारांचे कब्रस्तान एकाच नजरेत येतात. इथली जमीन खणायला कठीण, म्हणून बऱ्याच थडग्यांवर दगड रचून वर लाकडी क्रूस रोवले आहेत. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्यांवर मेणबत्त्या लावतात.