शेणखताच्या खड्ड्यावरची काळी गांधीलमाशी

माडाच्या बागेत शेणखताच्या खड्ड्यावर काळी, केसाळ, निळसर चमकत्या पंखांची गांधीलमाशी घिरट्या घालताना दिसली की आधी झाडू उचलला जातो. उचलू नये. ही स्कोलिया. पोळं बांधत नाही, एकटी राहते, मुठीत धरल्याशिवाय डसत नाही. तिला हवी असते गेंड्या भुंग्याची अळी.

ही अळी कुजलेलं शेण खाऊन वाढते, जिवंत माडाला शिवतही नाही. नुकसान करतो तो साडेतीन ते पाच सेंटिमीटरचा भुंगा. रात्री शेंड्यात शिरून तो मिटलेली सुरळी पोखरतो. पुढे झावळ उघडते ती कात्रीने कातरल्यासारखी. त्याच जखमेतून मग सोंड्या, म्हणजे लांब सोंडेचा दुसरा भुंगा, शिरतो, आणि माड जातो तो बहुतेकदा सोंड्यामुळे.

स्कोलियाची मादी काटेरी पायांनी खत उकरत आत उतरते आणि अळीच्या छातीखाली नांगी मारते. जागा नेमकी तीच का? या अळीच्या मज्जागाठी, म्हणजे हालचाल चालवणाऱ्या नसांच्या गाठी, तिथे एकवटलेल्या असतात. एका डंखात अळी लुळी पडते, पण मरत नाही, म्हणून सडत नाही. मग मादी तिच्या पोटाखाली एकच अंडं चिकटवते. त्यातून निघालेलं पिल्लू तिथेच कातडीला भोक पाडतं, डोकं आत घालतं आणि आधी चरबी वगैरे खातं. जगायला लागणारे अवयव सर्वांत शेवटी. मध्येच ते उपटून दुसरीकडे लावलं, तर भलताच अवयव फाटून अळी सडते आणि पिल्लूही मरतं. खाऊन झालं की ते तपकिरी कोश विणतं. अळीला गांधीलमाशीचा ध्यास लागून तीच भृंगी, म्हणजे गांधीलमाशी, होते, हा दृष्टांत कीर्तनात ठीक आहे. प्रत्यक्षात ती खाल्ली जाते.

पण ‘मित्रकीटक सोडा आणि निश्चिंत राहा’ हेही खरं नाही. गेंड्या १९०९ च्या सुमारास प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर पोहोचला. तिथे स्कोलिया नेऊन सोडली, ती रुजलीही, पण भुंगा आवरला नाही. आवरला तो १९६७ मध्ये सोडलेल्या, भुंग्यालाच रोगी करणाऱ्या विषाणूने. स्कोलिया कमी पडते ती यामुळे: एका अळीमागे एकच अंडं, त्यात खोल दडपलेल्या खतात तिला पोहोचता येत नाही.

म्हणून शेंड्यातला भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढावाच लागतो. वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत दर माडाला २५० ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून वर्षातून तीनदा भरावी. खड्ड्यात कीटकनाशक ओतू नये, त्याने स्कोलियाही मरते. खत उपसताना वळवळणाऱ्या अळ्या कोंबड्यांपुढे टाका. लुळी, पोटाला पिल्लू चिकटलेली अळी मात्र ते न सोडवता अलगद परत पुरा.