आधी डोकं की आधी हृदय? भ्रूणाला आकार येण्यामागच्या शोधाची पार्श्वभूमी

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एक वाद नोंदवलेला आहे. गर्भाचा कुठला अवयव सगळ्यांत आधी होतो? शौनक म्हणतात डोकं, कारण इंद्रियांचं मूळ तिथे. कृतवीर्य म्हणतात हृदय. पाराशर्य नाभीच्या बाजूने, मार्कंडेय हातापायांच्या, तर सुभूती गौतम धडाच्या. धन्वंतरी मात्र सगळ्यांनाच खोडून काढतात. त्यांच्या मते सगळे अवयव एकदमच होतात, फक्त गर्भ इतका सूक्ष्म असतो की ते दिसत नाहीत. दाखला आंब्याचा आहे: पिकल्या फळात रेषा, गर, कोय वेगवेगळे दिसतात, फळ कोवळं असताना तेच सगळं आत असतं, पण ओळखू येत नाही.

ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलने कोंबडीची अंडी उबवणीच्या वेगवेगळ्या दिवशी फोडून पाहिली आणि उलट बाजू घेतली. तीन दिवस-रात्री उलटल्या की पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो, तो धडधडतो, तेच हृदय, असं त्याने लिहून ठेवलं. म्हणजे अवयव एकामागून एक घडत जातात. ‘सगळं आधीपासूनच आहे, फक्त मोठं होतं’ आणि ‘काहीच नसतं, हळूहळू घडतं’ हे दोन पक्ष पुढे दोन हजार वर्षं भांडत राहिले.

सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक आला आणि भांडण मिटण्याऐवजी वाढलं. १६९४ साली हार्टसुकर यांनी शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूस असा असेल, असं चित्रच छापलं. आज ते चित्र चेष्टेचा विषय आहे, पण ते काढणारा माणूस मूर्ख नव्हता. आकारहीन द्रवातून नाक-डोळे आपोआप होतात असं म्हणण्यापेक्षा ते आधीच होते म्हणणं त्या काळी जास्त पटण्यासारखं होतं. १७५९ मध्ये कास्पार फ्रीडरिश वोल्फ यांनी ‘घडत जातं’ हा पक्ष पुन्हा मांडला आणि पुढे कोंबडीच्या भ्रूणात आतडं कसं होतं ते दाखवलं. आधी एक सपाट पापुद्रा असतो, त्याच्या कडा वळतात, जुळतात आणि नळी तयार होते. छोटी नळी मोठी होत नाही. नळी मुळात नसतेच.

एकोणिसाव्या शतकातला कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांचा एक किस्सा सांगायलाच हवा. त्यांनी दोन लहान भ्रूण स्पिरिटमध्ये घालून ठेवले आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या. नंतर पाहिलं तर ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे हे खुद्द फॉन बेअर यांनाही सांगता येईना. त्यांनी ही फजिती लपवली नाही, १८२८ च्या ग्रंथात छापली. पाठीचा कणा असलेले प्राणी सुरुवातीला एकसारखे दिसतात आणि नंतर वेगळे होतात, हा नियम त्यात होता.

इथपर्यंत सगळे नुसते पाहत होते. १८८८ मध्ये विल्हेल्म रू यांनी सुई हातात घेतली आणि इथून पुढे या विषयाची गाडी थोर सिद्धान्तांपेक्षा हाताच्या करामतींनी जास्त पुढे गेली, असं माझं मत आहे. बेडकाचं फलित अंडं दोन पेशींचं झालं की रू त्यातली एक पेशी तापलेल्या सुईने मारत. उरलेल्या पेशीपासून अर्धाच भ्रूण झाला. निष्कर्ष सरळ होता: प्रत्येक पेशीचं काम आधीच ठरलेलं आहे. चारच वर्षांत हान्स ड्रीश यांनी सी अर्चिनच्या, म्हणजे समुद्रातल्या त्या काटेरी गोल प्राण्याच्या, दोन पेशींच्या भ्रूणाला समुद्राच्या पाण्यात खळाखळा हलवून पेशी सुट्या केल्या, तर प्रत्येकीपासून लहानशी पण पूर्ण अळी तयार झाली. ड्रीश इतके चक्रावले की कुठलंही यंत्र असं अर्धं कापून पूर्ण राहत नाही म्हणत ते जीवनशक्तीच्या तत्त्वज्ञानाकडे वळले. खरी मेख रू यांच्या प्रयोगात होती: मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटलेलीच राहिली होती. १९१० मध्ये ती पिचकारीने ओढून काढल्यावर बेडकाचाही पूर्ण भ्रूण झाला. शेजारी कोण आहे, मेलेला का होईना, याने पेशीचं भवितव्य बदलत होतं.

शेजाराची ताकद किती, हे दाखवलं जर्मनीत फ्रायबुर्गला हिल्डे मांगोल्ड या विद्यार्थिनीने. तिचे मार्गदर्शक हान्स श्पेमान हे न्यूट नावाच्या सरड्यासारख्या उभयचराचं अंडं तान्ह्या बाळाच्या केसाचा फास घालून आवळण्यात तरबेज होते. मांगोल्डचा प्रयोग त्याहून नाजूक होता. भ्रूण जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. पेशी ज्या भोकातून आत शिरतात त्याच्या वरच्या ओठाचा एक कण काचेच्या सुईने कापायचा आणि दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवायचा. देणारा न्यूट फिक्या रंगाच्या जातीचा आणि घेणारा गडद, त्यामुळे कुठली पेशी कोणाची हे नुसत्या रंगावरून कळे. प्रतिजैविकं नव्हती, बहुतेक भ्रूण जंतुसंसर्गाने मरत. पण जे जगले त्यांच्या पोटावर दुसरा भ्रूण उगवला होता, पाठीचा दोरा आणि चेतारज्जू यांच्यासकट. रंग पाहिले तर चेतारज्जूच्या पेशी मुख्यतः गडद. म्हणजे बाहेरून आलेल्या कणाने स्वतः फार थोडं बांधलं, बाकीचं यजमान पेशींकडून करून घेतलं. या कणाला ‘ऑर्गनायझर’, म्हणजे संघटक, हे नाव पडलं.

प्रबंध हिल्डेचा होता, तरी १९२४ च्या निबंधावर श्पेमान यांचं नाव आधी आलं. त्याच वर्षी घरच्या स्वयंपाकघरात इंधनाचा भडका उडून ती भाजली आणि गेली. मागे लहान मूल होतं. १९३५ चं नोबेल श्पेमान यांना मिळालं.

पुढची काही वर्षं सगळे संघटकातलं रसायन शोधत होते आणि त्यात बरीच वाताहत झाली. मारलेला संघटकही काम करत होता. मग इतर ऊती, अर्क, आणि शेवटी मेथिलीन ब्लू हा साधा रंगसुद्धा चेताऊती घडवून आणतो असं निघालं. ज्याने त्याने ज्याची त्याची वाट धरली. उत्तर मिळायला १९९० चं दशक उजाडलं. नॉगिन, कॉर्डिन ही प्रथिनं सापडली आणि कळलं की ती ‘त्वचा हो’ या दुसऱ्या एका संदेशाला फक्त अडवतात. तो अडला की पेशी स्वतःहून चेतापेशी होण्याच्या मार्गाला लागतात. न्यूटच्या पेशी तर इतक्या उतावीळ, की कशाच्याही धक्क्याने त्या तिकडे वळत होत्या.

या परंपरेचा एक धागा पुण्यात पोचतो. पक्ष्यांच्या भ्रूणातही संघटक असतो हे दाखवणारे सी. एच. वॉडिंग्टन पुढे एडिंबरोला होते. त्यांच्याकडे काम करून आलेल्या लीला मुळहेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या भ्रूणांवर संशोधन उभं केलं. अंडं फोडायचं, बलकावरचा पातळ पडदा भ्रूणासकट अलगद सोडवायचा, घड्याळकाचेत, म्हणजे काचेच्या उथळ बशीत, काचेच्या कडीवर ताणून बसवायचा आणि उबवणीपेटीत ठेवायचा. अंड्याबाहेर जिवंत भ्रूण वाढताना पाहायची ही पद्धत महागड्या यंत्रांवाचून चालत असे, आणि ती इथे रुजण्याचं मोठं कारण मला तेच वाटतं.

सुया-केसांच्या या दुनियेत एक माणूस नुसता कागद-पेन्सिल घेऊन शिरला. १९५२ मध्ये अॅलन ट्युरिंग यांनी गणित मांडलं: दोन रसायनं, एक स्वतःला आणि दुसऱ्याला वाढवणारं, दुसरं पहिल्याला दाबणारं. दाबणारं जास्त वेगाने पसरत असेल तर एकसारख्या मिश्रणातून आपोआप ठिपके-पट्टे उमटतात. पसरण्याने सगळं सपाट होतं हा आपला अनुभव. इथे पसरण्यानेच नक्षी होते. जीवशास्त्रज्ञांनी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. १९५४ मध्ये ट्युरिंग गेले. १९९५ मध्ये जपानच्या कोंडो आणि असाई यांनी एंजलफिशचे पट्टे महिनोन्‌महिने पाहिले. मासा वाढतो तसे पट्टे नुसते रुंद होत नाहीत. दुफाट्याची जागा बॅगेची चेन उघडावी तशी सरकत जाते आणि एकाचे दोन होतात. गणितानेही हेच सांगितलं होतं.

१९६९ मध्ये लुइस वॉलपर्ट यांनी वेगळाच विचार मांडला. ते मूळचे सिव्हिल इंजिनिअर. एका टोकाकडून पाझरणाऱ्या रसायनाचं प्रमाण किती आहे यावरून पेशीला आपली जागा कळते, असं त्यांचं म्हणणं. आधार कोंबडीच्या पंखाचा होता. सॉन्डर्स आणि गॅसलिंग यांनी पंखाच्या अंकुराच्या मागच्या कडेचा तुकडा पुढच्या कडेला लावला होता, आणि तीन बोटांच्या जागी आरशातल्यासारखी दुप्पट बोटं आली होती. ते पाझरणारं रसायन १९९३ मध्ये सापडलं. फळमाशीत त्याचा चुलतभाऊ आधीच माहीत होता. न्यूसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस यांनी हजारो उत्परिवर्तित माश्या तपासून काढलेल्या जनुकांपैकी तो एक, अळी काटेरी दिसते म्हणून नाव ‘हेजहॉग’. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतल्या जनुकाला मग व्हिडिओ गेमवरून ‘सॉनिक हेजहॉग’ म्हटलं गेलं. त्यातल्या दोषाने बाळाच्या मेंदूत गंभीर व्यंग येतं, आणि हे नाव आईबापांना सांगताना डॉक्टरांची पंचाईत होते.

माशीनेच हॉक्स जनुकंही दिली: गुणसूत्रावर ती ज्या क्रमाने असतात, जवळपास त्याच क्रमाने शरीरात डोक्याकडून मागे काम करतात. त्यातलं अल्ट्राबायथोरॅक्स बिघडवलं की माशीला दोनाऐवजी चार पंख येतात. हे एक जनुक पंख होऊ न देण्यासाठी नेमकं काय काय बंद करतं, यावर एल. एस. शशिधर यांनी आधी हैदराबादला आणि मग पुण्याच्या आयसरमध्ये काम केलं. Gli3 हे दुसरं एक जनुक नसलेल्या उंदराच्या पंजात हॉक्स जनुकं कमी करत नेली की बोटांची संख्या वाढते आणि बोटं बारीक होतात, हे २०१२ मध्ये दिसलं. बोटं म्हणजे एक प्रकारचे पट्टेच धरले आणि त्यांच्यामधलं अंतर ट्युरिंगच्या गणिताने ठरत असेल तर असंच व्हायला हवं. म्हणजे एकाच पंजात वॉलपर्टही आहेत आणि ट्युरिंगही.

२०२३ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत जेकब हाना यांच्या गटाने अंडं, शुक्राणू, गर्भाशय यांपैकी काहीच न वापरता, फक्त मूलपेशींपासून, चौदा दिवसांच्या मानवी भ्रूणासारखी रचना वाढवली. भारतातल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मानवी भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवस किंवा त्यावर पहिली रेघ, म्हणजे प्रिमिटिव्ह स्ट्रीक, उमटेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवरच वाढवता येतो. जिथे फलनच झालेलं नाही तिथे पहिला दिवस कुठला धरायचा?